खंडेनवमीला धुतलेली पेटी

दसरा झाला की माझ्या दुकानात कुंकवाचा हंगाम सुरू व्हायचा. बसवकल्याणला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात येणारा जवळजवळ प्रत्येक कीबोर्ड हळदीकुंकवानं माखलेला असायचा. एकानं सीडीच्या ट्रेमध्ये झेंडूचं फूल ठेवून ट्रे भक्तिभावानं आत ढकलला होता. एका बाईंनी मॉनिटरच्या पडद्यालाच ओलं कुंकू लावलं आणि वर मला विचारलं, "अक्का, अक्षरं लाल कामून दिसायलीत?" खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. ज्याच्यावर पोट चालतं ते धुऊन-पुसून ओळीनं मांडायचं, कुंकू-फूल वाहायचं आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. नांगराला, कुऱ्हाडीला, मोटरसायकलला हे सगळं मानवतं. कॉम्प्युटरला मानवत नाही, एवढं एक वाक्य लोकांना पटवण्यात माझा निम्मा जन्म गेला.

आमच्या घरी खंडेनवमी नाही. आम्ही बौद्ध. दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जायचं, हा आमचा सण. त्यामुळे खंडेनवमीला अख्ख्या गल्लीतली शटरं पूजेसाठी खाली आणि माझं एकटीचं वर, असं दर वर्षीचं चित्र. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "कंप्यूटरअक्काला सुट्टी न्हाई बगा." मी म्हणायचे, तुमच्या पूजा उरकल्या की उद्यापासून मलाच निस्तरायचंय, आज जरा दम खाते.

माझं माहेर औराद. टायपिंग शिकले उदगीरला. लग्न होऊन बसवकल्याणला आले तेव्हा नवऱ्याची टायपिंगची शिकवणी होती. पुढे टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. ते बिघडले की हैदराबादहून मेकॅनिक यायचा. आज येतो म्हणायचा आणि पुढच्या बाजाराला उगवायचा. नवऱ्याला यंत्र उघडायची भीती वाटायची. मला बंद पडलेल्या यंत्राचा राग यायचा. दुरुस्तीच्या कामात भीतीपेक्षा राग बरा, म्हणून स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती आला आणि पुढं राहिला.

आता दुकान मुलीकडं आहे. ती मोबाइल विकते आणि माझ्या जुन्या हत्यारांकडं बघून हसते. परवा तिनं विचारलं, "आई, तू इतक्या लोकांना बॅकअप-बॅकअप म्हणून कावलीस, कुणी ऐकलं का गं?" त्यावर मी जे आठवत बसले ते इथं लिहिते आहे.

बॅकअप म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्यांतही शहाणे थोडेच असणार. कॉम्प्युटरच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक डबी असते. तिच्यात तबकडी गरागरा फिरते, तिच्यावरून एक बारीक सुई तरंगत जाते. तुमचे फोटो, पत्रं, गाणी, सगळं त्या तबकडीवर. ही डबी एक दिवस बंद पडते. आजवर न पडलेली मी पाहिलेली नाही. म्हणून आतल्या सगळ्याची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि ती दुसऱ्या जागी ठेवायची. दुसऱ्या जागी हे महत्त्वाचं. शेतकरी माणसाला मी सांगायचे, सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवाल का? तो नाही म्हणायचा, मान डोलवायचा आणि घरी जाऊन एकाच कणगीत ठेवायचा.

औरादचे एक निवृत्त मास्तर होते. बॅकअपचं महत्त्व त्यांना माझ्या आधीपासून पटलेलं. कॉम्प्युटर दुरुस्तीला आला तेव्हा डेस्कटॉपवर एकाच फोल्डरच्या नकला, नकलांच्या नकला आणि त्यांच्याही नकला, पडद्यावर बोट ठेवायला जागा नाही. सगळ्या त्याच एका डिस्कवर. मी म्हटलं, "गुरुजी, डिस्क गेली की सगळ्या मिळून जातील." मास्तर शांतपणे म्हणाले, "एवढ्यातली एक तरी राहीलच की." हिशेबाचा विषय शिकवायचे ते.

गाणगापूरचे एक पुजारी त्यांच्यापेक्षा वरचे. महाराष्ट्रातल्या यजमानांचे पत्ते त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होते. माझं ऐकून त्यांनी भाच्याकडून सीडी भरून घेतली, रेशमी कापडात गुंडाळली आणि देव्हाऱ्यात ठेवली. कॉम्प्युटर बसला तेव्हा ती सीडी मोठ्या ऐटीत माझ्यापुढं आली. उघडून बघते तर आत नुसती चित्रं, कोपऱ्यात वाकडा बाण असलेली. शॉर्टकट म्हणतात त्याला. म्हणजे घराचा पत्ता लिहून ठेवला होता आणि घर पडलं होतं. पुजारी हात जोडून म्हणाले, "महाराजांची इच्छा." मी म्हटलं, "महाराजांना कशाला मधी आणता, बाण तुमच्या भाच्यानं भरलेत." माणूस मोठ्या मनाचा. रागावले नाहीत. पुढच्या पौर्णिमेला प्रसाद आला, त्याच्याबरोबर नवी कोरी हार्ड डिस्कही आली.

पण माझ्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मंठाळच्या सिद्राम अप्पांच्या घरात आहे.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. अप्पा धनगर. बापाच्या काळात मोठा कळप होता, मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. अप्पांच्या हाती थोडी जमीन आणि मोजकी शेरडं-मेंढरं उरली होती. मुलगा बालाजी पुण्याला कंपनीत लागला. त्यानं स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मंठाळला आणून ठेवला, नातवाचे फोटो घरच्यांना बघता यावेत म्हणून. गावानं चेष्टा केली. "अप्पा, मेंढरं मोजायला आणलाव व्हय?"

अप्पांची ओळख मात्र मेंढरांमुळं नव्हती, ओवीमुळं होती. बिरोबाच्या जत्रेत धनगरांची ओवी रात्र रात्र चालते. एक गडी कानावर हात ठेवून सांगतो, गातो आणि बाकीचे त्याची शेवटची ओळ उचलून धरतात. अप्पा गायला बसले की शेजारच्या गावची माणसं चालत यायची. त्यांची एक ओवी होती, मेंढरं घेऊन मांजरा नदी ओलांडायची. ती त्यांच्या आज्यापासून चालत आलेली. त्यांच्याशिवाय ती कुणी सांगत नव्हतं.

त्या अप्पांच्या घशात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. बालाजी रजा काढून आला आणि घरी जायच्या आधी माझ्या दुकानात आला.

"अक्का, एक माइक पायजे. अप्पाचा आवाज भरून ठेवायचाय."

मी सहसा खेड्यात घरी जाऊन काम करत नसे. त्या वेळी गेले. माइक जोडला, आवाज कसा भरायचा ते दाखवलं. पहिल्या दिवशी जे भरलं त्यात अप्पांपेक्षा पंख्याची घरघर जास्त. मग पंखा बंद, म्हैस लांब बांधली, कोंबड्या हाकलल्या. डोक्यावर घालायचा माइक अप्पांना जमेना, कारण तो कानावर बसायचा आणि कानावर हात गेल्याशिवाय त्यांचा सूर लागायचा नाही. शेवटी तो माइक दोरीनं खांबाला बांधला. दोन म्हातारे शेजारी ओळ उचलायला येऊन बसले. सकाळी लाइट असेल तेवढा वेळ गायचं, लाइट गेली की थांबायचं. सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मांजरेची ओवी सांगितली. ती संपल्यावर ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं. आता काय काढायचं ते काढू द्या." त्यांचं बोलणं मी ऐकलं ते तेवढंच.

अप्पा परत आले ते गळ्याला फडकं बांधून. फडक्याखाली श्वासासाठी भोक. आवाज नाही. अक्षरओळख नव्हतीच, त्यामुळे लिहून दाखवणंही नाही. हातवारे, चुटकी आणि डोळे. लेक रुक्मिण राजेश्वर गावी दिलेली, तिला त्यांचं सगळं समजायचं, अगदी नीट वाक्यं करून सांगायची. मधूनमधून मला वाटायचं, पोरगी पदरचंही घालते आहे. पण अप्पा मान डोलवायचे.

कॉम्प्युटरचं मात्र अप्पा एक शिकले. रोज सकाळी चालू करायचा आणि एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची. मग ते स्वतःचं गाणं ऐकत बसायचे, हात कानावर. बायको काशाबाई तिथंच चुलीपाशी भाकऱ्या करायची. मी एकदा सकाळी गेले तेव्हा हे पाहिलं. गाणाऱ्याचे ओठ हलत होते आणि आवाज दुसरीकडून येत होता. मी नजर फिरवून उगाच वायरी तपासत बसले.

पुण्याहून बालाजीचा फोन आला. "अक्का, ते समदं एकाच ठिकाणी हाय. मला झोप न्हाई. कायतरी करा." असं आपणहून म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं.

मग मी त्यांच्यासाठी काय घ्यावं याचा नीट विचार केला. सीडीवर माझा भरवसा नव्हता. चरे पडतात, उन्हानं खराब होते, आणि आमच्याकडे जुनी सीडी दिसली की कुणीतरी ती ज्वारीत पाखरं हाकलायला टांगतोच. पेन ड्राइव्ह तेव्हा एवढेसे, त्यात सगळं मावायचं नाही, शिवाय खिशातून पडला की गेला. त्याच कॉम्प्युटरमध्ये दुसरी डिस्क बसवावी तर वीज पडली की दोन्ही एकदम. राहिली ती बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. तिच्यातही दोन जाती. मोठीला विजेचं वेगळं बटण लागतं, आणि अप्पांच्या घरात कॉम्प्युटरचं सोडून एकच सॉकेट, त्यावरही मोबाइल. म्हणून मी लहान घेतली. तळहाताएवढी, काळी, एका वायरीवर चालणारी. तिला सगळे पेटी म्हणायला लागले.

पेटी ठेवायची कुठं, यावर काशाबाईंचं मत होतं की धान्याच्या पत्र्याच्या डब्यात, तिथं उंदीर जात नाही. मी म्हटलं, या घरात नकोच. त्यांना ते लागलं. "आमचं घर काय चोराचं हाय?" मी कणगीचं सांगायला लागले, पण अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. मूठ दाखवली, ती उघडली, अर्धी बोटं इकडं, अर्धी तिकडं. रुक्मिण म्हणाली, "अप्पा म्हणायलेत, रोग आला की अर्धी मेंढरं भावाच्या वाड्यात घालायची असत्यात." इतकं चांगलं मला कधी सांगता आलं नव्हतं. पेटी रुक्मिणीच्या घरी गेली, ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली. ती माहेरी आली की पेटी आणायची, नातवाचे नवे फोटो भरायचे, जाताना घेऊन जायची.

पुण्याला बालाजीकडंही एक नक्कल द्यायची ठरली होती, ते दर खेपेला राहूनच गेलं. एक नक्कल माझ्याकडे का नाही ठेवली, असं आज कुणीही विचारेल. गिऱ्हाइकाच्या घरातलं काही आपल्याकडे ठेवायचं नाही, असा माझा नियम होता. त्या काळात घरोघरच्या बायका-मुलींचे फोटो माझ्या हातावरून गेले. बाईच्या दुकानावर लोकांचा विश्वास होता तो या नियमामुळं. नियम बरोबर होता. तरीही अप्पांपुरता मोडला असता तर, असं अजून मनात येतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर अप्पांचा कॉम्प्युटर बसला. व्होल्टेज वर-खाली झालं आणि डिस्क टकटक करायला लागली. हा आवाज ऐकला की आम्ही दुरुस्तीवाले मान हलवतो. तबकडीवर ओरखडे पडलेले असतात. मी डिस्क हैदराबादला एका जाणत्या माणसाकडे पाठवली, त्यानं उघडून बघितली आणि तशीच परत केली. पण मला काळजी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाकडे धड बॅकअप होता, आणि तो मी करून दिला होता. मिशी असती तर पीळ दिला असता. रुक्मिणीला फोनवर म्हटलं, "नवी डिस्क आली की बसवते. सण होऊ दे, मग पेटी घेऊन ये. घाबरू नको."

आमच्या भागात खंडेनवमीची एक रीत आहे. घरातलं हत्यार त्या दिवशी घरी असलं पाहिजे. शेजाऱ्याला दिलेली कुऱ्हाड, पाव्हण्यानं नेलेलं खोरं, सगळं आदल्या दिवशी माणूस पाठवून आणवतात. एरवी वर्षभर परत न येणारी वस्तू त्या दिवशी बिनबोभाट येते.

दसऱ्याच्या दिवशी मी विहारात होते. वंदना नुकतीच संपली होती, खीर वाटायला घेतली होती. रुक्मिणीचा फोन आला.

"अक्का, पेटीतून पाणी टिपकायलंय."

"कुठल्या पेटीतून?"

"अप्पाच्या."

"पाणी कुठून आलं तिच्यात?"

"धुतलं की. काल खंडेनवमी न्हाई का."

"कामून धुतलीस गं?" माझा आवाज विहारात घुमला असणार, दोन-तीन बायका वळून बघायला लागल्या.

 ती म्हणाली, "हत्यार हाय की अक्का ते. अप्पाची कातर धुतली, कुऱ्हाड धुतली, कोयता धुतला. त्येला एकट्यालाच तसं मळकं ठेवायचं व्हय? कुंकू लावलं न्हाई, तुमी न्हाई म्हणल्ता म्हणून."

 कुंकू लावू नका, हे मी गावभर सांगितलं होतं. धुऊ नका, हे सांगावं लागेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. अप्पांचं आता काय हत्यार राहिलं होतं? उरलीसुरली मेंढरंही आजारपणात विकली होती, कातर चालवायची कशावर? पेटी तेवढी होती. लेकीनं ती आठवणीनं सासरहून आणली होती, आणि बापाच्या हत्यारांच्या ओळीत मांडली होती.

मी तिला म्हटलं, कशालाही जोडू नको, पुसू नको, कोरड्या फडक्यात गुंडाळ आणि पहिल्या गाडीनं ये. ओली डिस्क विजेला लावली की संपली. त्या घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता हे नशीब, नाहीतर कुणीतरी लावून बघितलीच असती.

पांढऱ्या साडीतच मी दुकान उघडलं. रुक्मिण आली तेव्हा तिच्या केसात कालचाच गजरा होता, सुकलेला. पेटीचं कवच काढलं तर आत पाणी. सर्किटच्या हिरव्या पाटीवर पांढरट डाग धरायला लागलेले. मी स्पिरिटमध्ये मऊ ब्रश बुडवून एकेक कोपरा साफ करायला घेतला. ते सोपं होतं. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. डिस्कच्या झाकणाला हवेसाठी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. तिथून पाणी तबकडीपर्यंत गेलं का, हे बाहेरून कळत नाही आणि उघडून बघता येत नाही. उघडली तर आमच्या गल्लीतली धूळच तिचा जीव घेईल.

"अप्पांना माहीत आहे?" मी विचारलं.

"न्हाई सांगितलं. कंप्यूटर बंद पडल्यापासनं नीट जेवंना गेलेत. म्या म्हणलं, पेटी हाय की अप्पा, अक्का भरून देतील. तवा कुठं काल दोन घास खाल्ले." मग ती रडायला लागली. "म्या धुतलं बाई. म्या माझ्या हातानं बापाचा आवाज धुतला."

मला धीर देता येत नाही, ती कला माझ्या अंगात नाही. मी तिला ब्रश दिला आणि म्हटलं, इकडचा कोपरा तू पूस, तुझी नजर चांगली आहे. ती डोळे पुसून कामाला लागली. हात फार हलका होता तिचा.

डिस्क मी सावलीत वाळवली. तांदळात घाला, उन्हात ठेवा, सल्ले पुष्कळ आले, कुणाचं ऐकलं नाही. घाई मात्र मलाच झाली होती, रोज उचलून बघायचे आणि परत ठेवायचे. नवी डिस्क हैदराबादहून येईपर्यंत ही तशीच पडू दिली. शेवटी एका सकाळी रुक्मिणीला समोर बसवून वायर जोडली. डिस्क फिरली. आवाज सरळ होता, टकटक नाही. पडद्यावर नावांची यादी आली तेव्हा रुक्मिणीनं माझा दंड इतका आवळला की दुखला.

यादी आली म्हणजे सगळं आलं असं नसतं. एकेक ओवी नव्या डिस्कवर उतरवायला घेतली. काही भराभर आल्या. काही अर्ध्यात अडायच्या, मग त्याच जागी पुनःपुन्हा वाचून बघणारा प्रोग्राम लावून सोडून द्यायचं. दिवसभर तो ओरबाडत बसायचा. बहुतेक सगळं हाती आलं. नातवाचे फोटो आले. मांजरेची ओवी मात्र पाण्याच्या काठापर्यंत येऊन थांबत होती. पुढचं, मेंढरं नदीत उतरतात ते, गेलं होतं. शेवटचा थोडा भाग होता, पलीकडच्या काठावरचा. मधली नदी नाही. मी प्रयत्न करून करून थकले आणि त्या डिस्कवर मला खरंच राग धरता येईना, एवढी थकले.

मंठाळला कॉम्प्युटर बसवायला मी रुक्मिणीबरोबर गेले. अप्पा अंगणातच उभे होते, स्वच्छ धोतर, गळ्याला धुतलेलं फडकं. रुक्मिणीनं त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. अप्पांनी तिला काही केलं नव्हतं. नुसता डोक्यावर हात ठेवला होता, असं तिनं मला वाटेत सांगितलं.

मी सगळं जोडलं आणि बाजूला झाले. अप्पांनी बसून टिचकी मारली. अर्थात मांजरेचीच. हात कानावर गेला. चुलीपाशी काशाबाईंचा भाकरी थापायचा आवाज चालू होता. मेंढरं चालली, उन्हानं वाट तापली, पाणी दिसलं, कळपातली म्होरकी थांबली, आणि आवाज तुटला.

अप्पांचा हात कानावरच राहिला. मी माफी मागायला तोंड उघडलं.

आणि ओवी पुढं चालू झाली. चुलीपासून. बारीक, घोगरा, बाईचा आवाज. म्होरकीनं पाण्यात पाय टाकला, मागनं कोकरं, पाणी पोटाला लागलं. वर्षभर रोज सकाळी ती ओवी वाजायची आणि काशाबाई भाकरीबरोबर मनातल्या मनात ती म्हणत असणार. यंत्र थांबलेलं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दोन-तीन ओळी झाल्या, मग खोलीतली शांतता त्यांना कळली. थांबल्या, पदर तोंडावर ओढला.

"माय, तुला येतंय?" रुक्मिण म्हणाली.

"येतंय म्हंजे काय. वाड्यात बायका मागं बसायच्या, कान काय झाकून ठेवायचा का? लग्न झाल्यापासनं ऐकायलेव." मग घाईघाईनं म्हणाल्या, "पर ती गड्यांची ओवी हाय. आमी कशाला म्हणताव."

अप्पा उठले. चुलीपाशी गेले, काशाबाईंच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि कॉम्प्युटरपुढच्या स्टुलावर आणून बसवलं. पिठाचे हात तसेच. मी पिशवीतून माइक काढला. अप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काशाबाई लाजत, थांबत, मधूनच "हे राहू द्या" म्हणत नदीत उतरल्या. एका जागी त्यांनी ओळ गाळली तर अप्पांनी तळहात जमिनीवर आपटला. परत मागं जाऊन त्यांनी ती घेतली. मग हळूहळू त्यांना आमचा विसर पडला. अप्पांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मी हेडफोन लावून बसले होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मेंढरं पलीकडे लागली. काशाबाई थांबल्या. तो तुकडा मी अप्पांच्या आवाजात मधोमध जोडला आणि सलग वाजवून दाखवला. अप्पा, मग काशाबाई, मग पुन्हा अप्पा. नवरा-बायको आळीपाळीनं कळप हाकत होते. मला वाटलं, काम झालं. माझ्यावरचं ओझं उतरलं. मी माइकची वायर गुंडाळायला घेतली.

अप्पांनी माझा हात धरला. माइक परत जागेवर ठेवायला लावला. मग पडद्याकडे बोट केलं, स्वतःच्या गळ्यातल्या फडक्याकडे केलं आणि हात झटकला. काशाबाईंकडे बोट केलं. बराच वेळ तिकडंच बोट ठेवलं. मग दोन्ही हात उघडून दाखवले, रिकामे.

मी रुक्मिणीकडे बघितलं. 

"अप्पा म्हणायलेत, नुसती नदी नगं. पैल्यापासनं समद्या ओव्या मायच्या आवाजात भरा. अप्पाचा आवाज पुन्यांदा गेला तर मायला येतंय. माय गेली तर मग कुणालाच येत न्हाई."

या वेळी पोरीनं पदरचं काही घातलेलं नव्हतं. ते मला अप्पांच्या तोंडाकडं बघूनच कळलं. काशाबाई खाली मान घालून बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडत होत्या. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "उद्या सकाळच्याला येता का अक्का? आज पीठ मळून ठेवलंय."